वार वर चढली तर?

मिठबावात सत्यवती सुइणीला लोक तोंडावर मान देत आणि पाठीमागे म्हणत, हिने सून मारली. ते खोटं नव्हतं. मूल झालं, पण वार पडेना, तेव्हा हिने नाळ धरून ओढली. गर्भाची पिशवीच उलटी होऊन बाहेर आली आणि सून अर्ध्या तासात गेली. नंतर सत्यवती तालुक्याच्या नर्सबाईंकडे पंधरा दिवस शिकून आली. पण त्या हातांवर विश्वास कोण ठेवणार?

अठ्ठावन्न साली माझी वेळ आली आणि गावातली दुसरी सुईण नेमकी मुंबईला लेकीकडे गेलेली. झाली का पंचाईत! नवरा सत्यवतीलाच घेऊन आला. "माका मारूक तिका हाडलात?" मी नवऱ्यावर खेकसले.

भर दुपारी मुलगी झाली. सत्यवतीने नाळ कापली, मुलीला पुसून सुपात ठेवलं. वार मात्र पडेना. वार वर चढते, काळजाला चिकटते आणि बाई गुदमरते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. सासूबाईंनी नाळेचं टोक सुतळीने माझ्या मांडीला बांधलं, पोटावर लुगड्याचा पट्टा करकचून आवळला आणि माझीच वेणी माझ्या तोंडात कोंबली. ओकारी आली की वार सुटते म्हणे! मला श्वास घेता येईना. वाटलं, चढलीच ती. आता मी मेले.

"ओढ गो! बघतंस काय?" सासूबाई ओरडल्या.

"ओढूचंय नाय." सत्यवती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. घामाने तिचं कपाळ निथळत होतं. ती माझ्याहून जास्त भ्यायलेली, आणि ते बघून माझं उरलंसुरलं अवसान गळालं.

"जानकीवयनी, चढाक वाट खंय आसा?" सासूबाईंना असं म्हणत तिने कमरेची पानाची पिशवी काढून उलटी धरली. "गर्भाची पिशवी अशी. तोंड एकच, तां खाली. वर दोन बाजूक दोन नळये, पण तेंच्यातून मोहरी जावची नाय. ही आकसली की वार आपसूक सुटता. आधी ओढली तर पिशवीच उलाटता."

"आणि आकसली नाय तर?" सासूबाईंनी विचारलं.

मला अंगाखाली गरम ओल लागायला लागली होती. देवा म्हाराजा, रक्त!

ती एकदम उठली. माझ्या तोंडातली वेणी काढली, पट्टा सोडला आणि सुपातली मुलगी उचलून माझ्या छातीला लावली.

"चीक पाजतंस? पोर मारशीत!" सासूबाई धावल्या. पहिलं दूध वाईट, तीन दिवस द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

"हात लावल्यात तर बघा!" सत्यवती कडाडली. "पोर चोखूक लागला की पिशवी आकसता. नर्सबायन सांगल्यान."

मुलगी तोंड लावीना. रडायची, डोकं फिरवायची. माझे हात गार पडत चाललेले. शेवटी तिने धरलं, आणि पोटात अशी कळ आली की मी किंचाळले. पोट दगडासारखं घट्ट झालं. दुसऱ्या कळेला वार बाहेर आली. सत्यवतीने ती केळीच्या पानावर पसरून तुकडा आत राहिला नाही ना, हे दोनदा बघितलं. रक्त कमी झालं.

"वाचलंय गो मी!" मी म्हटलं.

ती हसली नाही. दूध पिणाऱ्या मुलीकडे बघत राहिली.

"माझ्या सुनेचा पोरय बाजूक रडत होता," ती म्हणाली. "तिनं दोनदा पोर पाजूक मागल्यान. मीच दिलंय नाय."