माशांचं शिळं पाणी

टाकी बाबांनी स्वतः बनवली. ते कारखान्यात इंजिनियर होते, त्यामुळे लोखंडी चौकट चोख काटकोनात होती आणि काचांमधून थेंबभरही पाणी गळत नव्हतं. मासे शेजारच्या अक्कांनी दिले. आम्ही कानडी मुलखात, चामराजपेटेत राहत होतो आणि अक्कांच्या परसात दगडी हौद होता. डास होऊ नयेत म्हणून त्यात बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे सोडलेले असत.

मी कॉलेजात इंग्रजी, रस्त्यात कानडी आणि घरी मराठी बोलत असे. म्हणजे तिन्ही भाषांत शक्य तितकं कमी. माशांसमोर बसलं की तेवढंही बोलावं लागत नसे. म्हणून ती टाकी मला हवी होती.

पण मासे मरत होते.

आमच्याकडे सकाळचं पहिलं काम म्हणजे रात्रीचं शिळं पाणी ओतून हंडा-कळशी घासायची आणि नळाचं ताजं पाणी भरायचं. आईने टाकीलाही तोच नियम लावला. मासे पातेल्यात काढायचे, वाळू धुवायची, काचा लख्ख करायच्या, ताजं पाणी भरायचं. "आपण शिळं पितो का? मग त्या मुक्या जिवांना कशाला?" असं ती म्हणे. स्वच्छतेत काही कमी नव्हतं, तरी दोनदा सगळे मासे गेले.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "सकाळी उठून मेलेलं काही बघायचं नाही मला. यापुढे एक जरी मेला तर टाकीत कांदे भरीन."

"गळणार नाहीत," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

मी पुन्हा अक्कांकडे गेले.

"करतेस काय ग त्यांचं? तळून खातेस?" अक्का म्हणाल्या. "घे. पण आता स्वल्प जपून."

मासे पकडताना मी हौद नीट पाहिला. पाणी हिरवट, तळाशी कुजलेली पानं, कडेला शेवाळ. आईने पाहिला असता तर पदर खोचून आत उतरली असती. आणि त्या पाण्यात मासे पिल्लांसकट मजेत होते. आमच्या मागच्या खिडकीतून अक्का मला रोज दिसत. त्यांनी हौद कधी उपसला नव्हता. पाणी आटलं की वरून कळशीभर घालत, एवढंच. मासे तेच होते. वेगळं होतं ते पाणी.

मी माशांबरोबर बादलीभर हिरवट पाणी आणि थोडं शेवाळही आणलं.

सकाळी आई पातेलं घेऊन आली, तेव्हा मी टाकीपुढे उभी होते.

"आज नको, आई."

"मग कधी?"

"उद्याही नको. विहिरीचं पाणी कुठे कोण रोज बदलतं?"

"विहीर बाहेरच्या खोलीत नसते."

"अक्कांचे मासे मरत नाहीत. आपले धुऊन धुऊन मरतात."

एका दमात मी एवढं कधी बोलले नव्हते. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. आईने पाण्याकडे बघून नाक मुरडलं.

"मेले तर कांदे," ती म्हणाली.

"मेले तर कांदे," मी म्हटलं.

मासे मेले नाहीत. पुढे शेवाळात नुसते डोळेच दिसावेत एवढी पिल्लं फिरू लागली.

आता मैत्रिणी टाकी लावताना मला विचारतात आणि मी न अडखळता सांगते. वाळू सुरुवातीलाच हवी तेवढी धुवा, मग तिला हात लावू नका. मासे थोडेच ठेवा. खाणं चिमटीत मावेल त्याहून कमी घाला. अधूनमधून थोडंच पाणी काढा आणि त्याच्या जागी घालायचं पाणी आधी बादलीत भरून एक-दोन दिवस राहू द्या. नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास उडाला की मगच ते टाकीत घाला.

आमची ती बादली स्वयंपाकघराच्या दाराशी असे. एकदा पुण्याहून आत्या आली होती. सकाळी तिने बादली उचलली.

"कालचं दिसतंय. ओतून टाकते."

आईने उठून बादली तिच्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली.

"राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "अजून पुरतं शिळं झालेलं नाही."