मागे घे, होबी

दुपारी दोन वाजले की वाळवंटातल्या मेस्कीट पार्कात, मोटारघरांच्या तळावर, नव्या गाड्या यायला लागतात, आणि जुनी मंडळी आपापल्या घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात. मोटारघर म्हणजे बसएवढं धूड. पोटात पलंग, शेगडी, न्हाणी, सगळा संसार. ते उलटं चालवत दोन खांबांमधल्या पट्टीत बसवायचं. स्टिअरिंगवर नवरा, मागे उभी राहून हात करणारी बायको, हा रिवाज. पाच मिनिटांत त्या दोघांचं सगळं लग्न उघड्यावर येतं. उत्तरेच्या थंडीतून, सस्कॅचवानहून आलेला लॉइड तर लाह्यांचं भांडं पोटावर घेऊन बसतो. इथे एखाद्या घटस्फोटाच्या वकिलाने टेबल मांडलं तर त्याला उसंत मिळणार नाही, असं तो गेली आठ वर्षं न चुकता म्हणतो.

त्या सोमवारी उत्तरेतल्या पोकाटेल्लो गावाहून आर्डिस आणि व्हर्ल जोर्गेनसन आले. बावीस हिवाळे येत होते, दर खेपेला एकच आठवडा. नवं वर्ष उलटलं की भाडं उतरतं, तेव्हाचा. सहासहा महिने मुक्काम ठोकणारे त्यांना लाडाने 'आठवडेकरी' म्हणत. जागाही ठरलेली, मागच्या भिंतीलगतची 'जी' अक्षराची रांग. तिथे वीज आहे, पाणी आहे, पण सांडपाण्याची सोय नाही. त्यामुळे आठवड्याच्या मध्यात सगळं घर सोडवून फाटकापाशी टाकी रिकामी करायला न्यायचं आणि पुन्हा उलटं आणून लावायचं. म्हणजे जोर्गेनसन एका भाड्यात दोन खेळ दाखवतात, हा लॉइडचा दुसरा ठरलेला विनोद.

यंदा खेळ वेगळा होता. स्टिअरिंगवर आर्डिस होती.

एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांसाठी दर गुरुवारी राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल करणारी बाई. मनगटं मजबूत, उंची बेताची. गादीखाली दुमडलेला टॉवेल घातला तेव्हा कुठे तिला पुढचा रस्ता दिसला. दोन दिवस ती स्वतः गाडी हाकत आली होती, आणि शेजारी बसून व्हर्ल प्रत्येक गावाचं नाव पाटीवरून मोठ्याने वाचत आला होता. एवढ्यावर ती खूश होती. मार्लाला सांगायला काहीतरी झालं होतं.

मार्ला म्हणजे त्यांची मुलगी. नोव्हेंबरात व्हर्ल सपाता घालून घराबाहेर पडला आणि रेल्वे यार्डावरच्या पुलावर बर्फात सापडला. तेव्हापासून मार्ला आईच्या मागे लागली होती. विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या एका घरात तिने बाबांसाठी खोली बघून ठेवली होती. खोली शुक्रवारी दुपारपर्यंत अडवून ठेवतो, असं तिथले लोक म्हणाले होते. आर्डिसचं म्हणणं, तो गाड्या बघायला गेला होता, चौतीस वर्षं यार्डात ब्रेकमन होता, डबे जोडत-सोडवत होता, माणूस जाणारच. शेवटी दोघींचं ठरलं. हा आठवडा बघायचा. बाबा धड राहिले तर खोली नको, नाहीतर शुक्रवारी हो म्हणायचं.

म्हणून लॉइड खुर्चीतून उठून "मी उभा राहतो ना मागे," म्हणाला तेव्हा आर्डिसने खिडकीतूनच मान हलवली. मागे व्हर्ल उभा राहील. त्याला सगळं येतं.

व्हर्ल उभाही राहिला, अगदी आरशात दिसेल असा. पाठ ताठ, टोपी सरळ. मग त्याने उजवा हात लांब करून हवेत मोठं वर्तुळ काढलं. आर्डिसला वाटलं, चाक वळव म्हणतोय. तिने वळवलं. तो आणखी जोरात वर्तुळं काढू लागला, तिने आणखी वळवलं. मग त्याचा हात खाली-वर, खाली-वर व्हायला लागला. हळू हळू येऊ दे, असं समजून ती हळू हळू गेली, आणि नळाचा खांब मुळासकट आडवा झाला.

पाण्याचा फवारा छपराच्या वर गेला. पार्क सांभाळणारी ग्रासिएला बूट न घालताच धावत आली, मुख्य कॉक बंद केला, आणि आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की सेन्योरा, हा नळ मेलेलाच होता, तुम्ही त्याला फक्त पुरलंत. लोक हसले. लॉइडने लाह्या खाली ठेवल्या.

आर्डिस मात्र हसली नाही. शब्द तोंडातून गेला तो गेलाच. "एवढं एक काम सांगितलं होतं तुला."

व्हर्ल ओलाचिंब उभा होता. तो रागावला नाही, त्याला नवल वाटलं. "मी 'पुढे' दिलं होतं. दोनदा दिलं. तू माझ्याकडे बघतच नव्हतास, होबी."

होबी हा त्याच्या इंजिनाचा ड्रायव्हर. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

रात्रभर ते नाव तिच्या डोक्यात राहिलं, पण सकाळ होईपर्यंत तिने त्यातूनही चांगलं काही शोधून काढलं. व्हर्ल चुकला नव्हता. त्याचे हात बरोबर होते, ते रेल्वेचे होते, एवढंच. वॉकीटॉकी आले त्याआधी मैलभर लांबीच्या मालगाड्या या हातांनी मागेपुढे केल्या होत्या. ज्याला हे आठवतं, त्याचं डोकं गेलं असं कसं म्हणायचं? आपल्यालाच त्याची भाषा येत नाही.

तिने न्याहारीला पिवळ्याधमक ग्रेपफ्रूटचा अर्धा भाग त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, मला शिकव.

"हात दाखव," तो म्हणाला.

तिने दाखवला.

"हे काय? माशा हाकलतेस का? खांद्यापासून हलला पाहिजे. ड्रायव्हर पाव मैलावर बसलाय, त्याला तुझी बोटं दिसत नाहीत." त्याने उभं राहून करून दाखवलं. "गोल म्हणजे मागे. वर-खाली म्हणजे पुढे. आडवा म्हणजे थांब. आडवा हात कुणीही केला, झाडूवाल्याने केला, तरी थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं का ते."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर पुढच्या महिन्यात तुझ्या जागी दुसरा असतो." मग तिला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "नवी भरती दिसतेस."

"हो साहेब," आर्डिस म्हणाली. आणि इतकी हसली की शेजारची नेडीन, लॉइडची बायको, डोकावून गेली. किती दिवसांनी हा तिची थट्टा करत होता.

मंगळवार आणि बुधवार असे गेले की आर्डिसला वाटे, हा आठवडा संपूच नये. सकाळी खिंडीतून वारा सुटे, पवनचक्क्या गरगरत, पलीकडे सान हासिंटो डोंगराच्या माथ्यावर बर्फ आणि इकडे पाठीवर ऊन. व्हर्ल पार्कातल्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसे, आर्डिस वरच्या पायरीवर पाय सोडून. बुधवारी सामायिक जेवणाला तिने बटाटे-चीजचा भाजून काढलेला ट्रे नेला. व्हर्लने दोनदा वाढून घेतलं आणि लॉइडला ब्रेकमन आणि कंडक्टरमधला फरक समजावून सांगितला, न अडखळता. लॉइड नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाला की अगं, याला काही झालेलं नाही, सस्कॅचवानमध्ये असा असता तर आम्ही त्याला महापौर केला असता. आर्डिसने मार्लाला फोन केला नाही. गुरुवारी गाडी परत लागली की मग करायचा, असं तिने मनाशी ठरवलं. नीट लागली तर सांगायचं, खोली दुसऱ्या कुणाला द्या.

गुरुवारी अकराला त्यांनी सगळं सोडवलं. टाकी रिकामी झाली. परत येताना आर्डिसने पाहिलं, रांगेत नेहमीपेक्षा जास्त खुर्च्या होत्या. नवा नळ बसला होता आणि ग्रासिएलाने त्याला लाल फडकं बांधून ठेवलं होतं.

व्हर्ल उतरला. चालत मागे गेला, खुणेच्या जागी उभा राहिला. आर्डिसने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि आरशात फक्त त्याचा हात पाहिला.

गोल. ती मागे आली. वर-खाली. हातभर पुढे घेतली, सरळ केली. गोल, मोठं. मग गोल लहान लहान होत गेलं, जसं अंतर कमी होत होतं तसं, आणि तेही तिला न सांगता कळलं. मग हात आडवा. तिने ब्रेक दाबला. दोन्ही बाजूंना सारखं अंतर, लाल फडकं वाऱ्यावर नुसतं हलत होतं. खुर्च्यांमधून टाळ्या झाल्या. नेडीन उभी राहिली होती.

आर्डिस उतरली. खिशातला फोन हाताला लागत होता. व्हर्ल तिच्याकडे चालत आला, हातमोजा काढावा तशी बोटं झटकली आणि हात पुढे केला. तिने तो हातात घेतला.

"झकास, होबी," तो म्हणाला. "मी निघतो आता. घरी वाट बघत असेल ती."

"कोण?"

"आर्डिस. नवीन लग्न आहे बाबा, उशीर झाला की रुसते."

आणि तो निघाला. घाईने नाही, कामावरून सुटलेला माणूस चालतो तसा, 'जी' रांगेच्या टोकाकडे. तिथे भिंत संपते, आणि तिथून पुढे थेट हमरस्ता.

"व्हर्ल," ती म्हणाली. मग मोठ्याने, "व्हर्ल, अरे मी आहे. मी आर्डिस."

तो वळला. तिच्या पांढऱ्या केसांकडे त्याने सभ्यपणे पाहिलं. "तुम्ही ओळखता का तिला?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे चालू लागला.

लॉइड खुर्चीतून उठत होता. तो गाठेपर्यंत व्हर्ल हमरस्त्यावर पोचला असता. आर्डिस धावली, भिंतीलगत त्याला वळसा घालून पुढे गेली, त्याच्या वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि खांद्यापासून हात आडवा केला. एकदा, दोनदा.

व्हर्ल जागच्या जागी थांबला. चेहऱ्यावर प्रश्नही नव्हता.

तशी दोघं समोरासमोर उभी होती, मधे दहा पावलं. आणि आर्डिसला तो नोव्हेंबरातला पूल आठवला. तो गाड्या बघायला गेला नव्हता. बर्फात, सपाता घालून, तो घरी चालला होता तिच्याकडे. आणि ती तर घरातच होती, ओट्याशी, त्याची कॉफी गाळत. ती घरात असणं हे आता त्याला थांबवू शकत नव्हतं. उलट तिच्यासाठीच तो बाहेर पडणार होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी कुणी हात आडवा करायला असेलच असं नाही.

तिने त्याला आणून सावलीत बसवलं. नेडीन लिंबू सरबत घेऊन आली आणि काही न विचारता त्याच्याशेजारी बसली. आर्डिसने गाडीच्या मागे जाऊन मार्लाला फोन लावला.

"आई? कसं चाललंय?"

"खोली घे," आर्डिस म्हणाली.

पलीकडे मार्ला रडायला लागली. एवढे आठवडे तीच मागे लागली होती, आणि आता तीच म्हणत होती की आई, घाई नको, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, काय झालं ते तरी सांग. आर्डिसने तिची समजूत काढली. काही झालं नाही. गाडी सुरेख लागली. बाबांनीच लावून दिली.

आठवड्यातले तीन दिवस अजून शिल्लक होते. दुपारी ती त्याला कुंडावर घेऊन गेली. तो नेहमीप्रमाणे गळ्यापर्यंत बसला, ती वरच्या पायरीवर. वाफेतून त्याने तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईशी बोलताना काढतो तो मऊ आवाज काढला.

"माझी बायको पण अशीच. पायरी सोडत नाही. उन्हाळ्यात लाव्हा गावच्या गरम झऱ्यावर नेणार आहे तिला. शिकवीन पोहायला."

"येईल ती?"

"येईल. कटकट करील आधी." तो हसला. "बोलताना मधे बोलू देत नाही ती. पण घरात गेलो की सगळं गरम असतं, घर, जेवण, सगळं." मग भान येऊन त्याने विचारलं, "तुमचे मालक नाही दिसले?"

आर्डिसने त्याला जन्मभर 'अरे' केलं होतं. आता पहिल्यांदाच 'अहो' करायचं होतं.

"ते कामावर आहेत," ती म्हणाली. "तुमच्यासारखेच, रेल्वेत."

"मग उशीर होणार," व्हर्ल म्हणाला, सगळं समजून, मनापासून. "या कामात घरच्या बाईला फार वाट बघावी लागते."

"हो," आर्डिस म्हणाली. "तुम्ही सांगा ना, तिच्याबद्दल सांगत होतात."