पडद्यावरचे मासे

नकाशा अर्धा झाला होता आणि पडदा थिजला. सुनेने माऊस फिरवला, बाण जागचा हलेना. सांगलीचे इंजिनिअर फोनवर होते. ते लोकांना घरे बांधून देतात. त्या घरांचे नकाशे सून साताऱ्यात घरी बसून कॉम्प्युटरवर काढते. तेव्हा हे काम तिला नवेच लागले होते. इंजिनिअरांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"मॅडम, आधीचे दोन उशिरा आले. हा पाचपर्यंत नाही आला तर उद्यापासून थांबू आपण."

दुपारचे दोन वाजले होते. फोन ठेवून ती रडली नाही, हे मला बरे वाटले.

कॉम्प्युटर महिनाभर असाच अडत होता. पहिला संशय मला तिचाच आला होता. काम सोडून मालिका बघत असेल म्हणून मी दोनदा दार ढकलून अचानक आत गेले. दोन्ही वेळा पडद्यावर भिंती आणि जिनेच होते. मग संशय दुरुस्तीवाल्यावर गेला. तो म्हणाला होता, "आजी, प्रोसेसर दमलाय. नवीनच घ्या." कॉम्प्युटरचा डबा दोन दिवस त्याच्या दुकानात होता. देण्याआधी मी तो सुनेकडून उघडून घेतला आणि आतल्या तुकड्यांना नेलपॉलिशचे ठिपके लावले. मी तीस वर्षे पिठाची गिरणी चालवली आहे. मोटार भरायला दिली की तांब्याची तार काढून ॲल्युमिनियमची घालणारे मी पाहिलेत. खूण केल्याशिवाय माझी कोणतीही वस्तू दुकानात जात नाही.

डबा परत आला तेव्हा बॅटरी लावून पाहिले. सगळे ठिपके जागेवर होते. खरे सांगायचे तर माझी थोडी निराशाच झाली.

त्या दुपारी सुनेने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मी दारात उभी होते. आतला पंखा लगेच घुमायला लागला.

"काय काय लावलंस?" मी विचारले.

"अजून कायच न्हाई, आत्या."

"मग हा वरडतोय कशापायी?"

"जुना झालाय म्हनत्यात न्हवं."

"जुनी मोटार रिकामी असली की गप असती. दाणं पडलं की वरडती. ह्यात दाणं कुणी टाकलं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग एक यादी उघडली. कोणते काम प्रोसेसरला किती राबवते ते त्यात दिसते, असे तिने सांगितले. यादीत सगळ्यात वर मासे होते.

ते मासे माझ्या मुलाचे. तो फौजेत आहे. मागच्या सुट्टीत त्याने बायकोच्या पडद्यावर रंगीत मासे सोडले, वर पाण्याच्या लाटा. शिवाय कुठलीही चौकट उघडली की ती झुलत यायची, मिटली की खाली ओढली जायची. मलाही ते आवडायचे. दळण दळून होईपर्यंत बायका गप्पा मारतात, तशी मी बघत बसायची.

सुनेने नकाशा उघडला. मासे झाकले गेले. यादीतला आकडा मात्र खाली येईना.

"आता कुणाला दिसत्यात ते?"

"कुनालाच न्हाई."

"मग पवत्यात कुणासाठी?"

तिचा हात माऊसवर तसाच राहिला. "आवं, ह्यांनी लावल्यात. जाताना म्हनले, ऱ्हाऊ दे."

"नवरा काय माशांत न्हाई. बंद कर."

तिने मासे बंद केले. पंखा थोडा उतरला.

"अजून कायतरी दळतंय," मी म्हणाले.

ती सेटिंगमध्ये गेली. झुलणे काढले, मी कान दिला. चौकटींच्या सावल्या काढल्या. खालची पट्टी काचेसारखी होती, आरपार दिसायची, ती साधी केली. एकेक काढायची आणि माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची. शेवटी पंखा एवढा गप झाला की भिंतीवरचे घड्याळ ऐकू आले. पडदा साधा निळा, एखाद्या कचेरीसारखा दिसत होता.

जिना आणि स्वयंपाकघर तिला पुन्हा काढावे लागले. मी चहा दिला. पाचाला दहा कमी असताना नकाशा सांगलीला गेला. इंजिनिअरांचे उत्तर एका शब्दाचे होते, "मिळाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन काम पाठवले.

दुरुस्तीवाल्याला मी जाऊन विचारले, "रिकामं मशीन वरडतंय, तुला ऐकू आलं न्हाई?"

"आजी, दुकानात धा मशिनी चालू असत्यात. कुठली वरडतीय ते कसं कळायचं?"

असेलही. माझा अजून विश्वास नाही. नेलपॉलिशची बाटली मी कपाटातच ठेवली आहे.

मुलगा पुढच्या सुट्टीला आला आणि आल्या आल्या पडद्यासमोर उभा राहिला. "मासं कुठं गेलं?"

सून माझ्याकडे बघायला लागली.

"मी काढाय लावलं," मी म्हणाले. "तुज्या बायकोची भाकरी खात हुतं."

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

कॉम्प्युटर तोच आहे, सांगलीचे काम चालू आहे, सून आणि मी आहोत. मासे तेवढे वाचले नाहीत.