बंदूक पारखायला आमचे हे

आमचे हे वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत उभी हयात होते, पण गोळी सुटते कशी ते यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. हे खोकी ठोकायचे. लाकडी खोकी! त्यात काय भरतात, ते कुठे जातं, याच्याशी यांना काही घेणंदेणं नव्हतं. पण ते गावाला सांगणार कोण? फॅक्टरीतला माणूस म्हणजे बंदुकीतला माणूस, असं लोकांनी धरलं आणि यांनी धरू दिलं. कुणी काही विचारलं की मिशीवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "बघावं लागेल." नाव सुकदेव. आता या वयात नाव घ्यायला मला काय लाज?

तर पहूरहून यांची धाकटी बहीण आली, पुष्पाबाई. तिचे मालक मोतीलालदाजी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गेले. त्यांच्याकडे वडिलार्जित बंदूक होती, बावीस बोअरची, विलायती, बारक्या गोळीची. केळीच्या बागेत रात्री पाणी द्यायला जाताना ती खांद्याला असायची. दाजी गेल्यावर कायद्याप्रमाणे ती जळगावच्या बंदुकीच्या दुकानात ठेवायला दिली होती.

"भाऊ, समाधान म्हनतो, किंमत असली तं लायसन माह्या नावावर करू, नसली तं सरकारजमा करून टाकू," पुष्पाबाई म्हणाली. समाधान तिचा मुलगा, नाशिकला असतो, घरात बंदूक म्हणजे त्याच्या डोक्याला ताप. "मले तिले जाऊ द्यायचं नाही रे. त्यायच्या अंगाखांद्यावरची वस्तू हाये. तू सांगशीन तेच तो आयकीन. तुले कळते."

झालं! यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मी आतून म्हटलं, "अहो, सांगा ना तिला खरं काय ते." तर मलाच म्हणे, "तू गप्प बस, यातलं तुला काय कळतं?"

मग दोन दिवस घरात नुसता गोंधळ. मोबाइलवर बघितलं तर तसल्याच बंदुकीची किंमत डॉलरमध्ये, ती ऐकून हे खुर्चीवर ताठ बसले. धुळ्याचे एक जुन्या वस्तूंचे शौकीन फोनवर म्हणाले, "विलायती असेल तर सोनं आहे, फक्त घासूनपुसून चकचकीत केलेली नको." यांचा पोलिसातला मित्र म्हणाला, "कुणी फुकट घेणार नाही." हे प्रत्येकाला "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते. मी विचारलं, "अहो, दोघांचंही बरोबर कसं असेल?" तर माझ्यावरच खेकसले. रात्री मात्र पंख्याकडे बघत पडून राहिले. बहिणीच्या जिवाचा प्रश्न आणि या माणसाला "मला येत नाही" एवढं म्हणवेना. राग येत होता आणि कीवही येत होती मला.

जळगावला आम्ही तिघं गेलो. दुकानदार छगनशेठ, वयस्कर, शांत माणूस. त्यांनी बंदूक काढून काचेवर ठेवली. यांनी ती उचलली आणि उलटसुलट करून बघितली. नळीत नाकाकडून डोकावले, मग शेपटाकडून. शेवटी लाकडावर टिचकी मारून म्हणाले, "अक्रोड आहे. असं लाकूड आता मिळत नाही." आणि लाकडाचंच पुराण सुरू केलं! पुष्पाबाई बिचारी मान डोलावतेय, कारण भाऊ बोलतोय ना.

छगनशेठनी ऐकून घेतलं. मग बंदुकीचा खटका उघडून आत बॅटरी मारली.

"ताई, दसऱ्याला पूजा करायचे का हिची?"

"करायचे ना! पूजा झाली का घरातले बठ्ठे एकेक डाव घोडा दाबायचे. रिकामाच. खट् वाजलं का वरीस चांगलं जाते म्हनतात. मीबी दाबायची."

"तिथंच सगळं झालं. या गोळीला बुडाच्या कडेवर ठोका लागतो. आत गोळी नसली तर तो ठोका नळीच्या लोखंडावर बसतो, दर वेळी त्याच जागी. दोन पिढ्या तुम्ही दसऱ्याला ठोकत आलात. नळीची कड आत चेपलीय, गोळी जागेवर बसतच नाही. नळीही आतून गंजानं खाल्लीय. दुरुस्ती बंदुकीपेक्षा महाग. किंमत काही नाही."

यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी यांच्या हातातून बंदूक काढून काचेवर ठेवली.

"केव्हापासून बंद हाये?" पुष्पाबाईनं विचारलं.

छगनशेठनी बॅटरी बंद केली. "मोतीलालभाऊ दहा-बारा वर्षांमागे आले होते. तेव्हाच सांगितलं मी त्यांना. दुसरी घ्या म्हटलं. तर म्हणाले, 'मारायचं कोनाले हाये शेठ? घरची निर्धास्त झोपते, तेवढ्यासाठी खांद्यावर असते. घरी बोलू नका.'"

माय वं! पहूरकडे बिबट्या फिरतो, दोन वासरं नेली होती, आणि हा माणूस हातात नुसती काठी धरल्यासारखा अंधारात केळीत जायचा?

"मीच धाडत होते ना त्यायले," पुष्पाबाई म्हणाली. "दारातून इचारायची, बंदूक घेतली ना? 'घेतली' म्हने. मंग मी कडी लावून घोरत पडायची." आणि भर दुकानात ती हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. समाधान होता. "मामा, काय निघाली किंमत?"

यांनी एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा छगनशेठकडे. मिशीकडे हात गेला नाही. "समाधान," हे म्हणाले, "मी तिथं खोकी ठोकत होतो रे बाबा. मला यातलं काही कळत नाही. आईला विचार."

पुष्पाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि फोन घेतला.

"किंमत काहीच नाही," ती म्हणाली. "चालतबी नाही. तू माह्या नावानं अर्ज भर."

"अगं आई, मग कशाला ते लोढणं घरात?"

"तुह्या बापानं इतकी वर्सं माह्या झोपेसाठी खांद्यावर वागवलं ते," पुष्पाबाई म्हणाली. "मले ते घरात ठेवायले काय जड होते?"