माझ्या जागेवर बदली कोण

ऑफिसातला साधा ईमेल पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरेना, तेव्हा मी शीवच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "हे बर्नआउट आहे. महिनाभर रजा घ्या."

शब्द नुसता ऐकून गप्प बसणारी मी नाही. लालबागच्या आमच्या खोलीतली मी पहिली ग्रॅज्युएट. शोधून वाचलं. शब्द आधी वस्तूंचा होता: इंधन संपून रॉकेटचं इंजिन विझतं, त्याला म्हणायचे. पुढे नशेने संपलेल्या पोरांना म्हणू लागले. अमेरिकेत अशा पोरांच्या फुकट दवाखान्यात राबणाऱ्या एका डॉक्टरने तो आपल्या सोबत्यांना लावला, आणि स्वतःलाही. जीव ओतून काम करणाऱ्यांनाच हे गाठतं, असं त्याचं म्हणणं. वाचून क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग प्रश्न पडला. विझलेलं रॉकेट परत कोण भरतं?

बाबांना सांगितलं. ते कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला होते.

"ताप आसा काय गो?"

"नाय."

"मग रजा कसली?"

"दमलेय, बाबा. डोकंच चालत नाय."

त्यांनी विचारलं, "तुज्या जागेर बदली कोण?"

गिरणीत कायम कामगार गावी गेला की त्याच्या साच्यांवर बदली कामगार उभा राहायचा. आमच्या ऑफिसात तसं काही नाही, मी म्हणाले.

"बदली नाय, मग माणसान दमायचा कसा?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "पण बदली बरो नसता. शिमग्याक गावाक गेलंय तरी माजा चित साच्यांर. तो माज्यापेक्षा बरो निघालो तर? रजा संपायच्या आदीच परत येय."

मला वाटायचं, बाबा आमच्या ओढीने लवकर येतात.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. साहेबांचं उत्तर लगेच आलं: अवश्य घ्या, तब्येत आधी. तुमचं काम ऑफिसात नुकतीच लागलेली ती मुलगी बघेल.

चांगला माणूस. तरी शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

त्या मुलीचं ऐकून बाबांनी विचारलं, "हुशार आसा?"

"खूप."

त्यांनी टीव्ही बंद केला. "महिनो कशाक? पंधरा दिवसांत बरा वाटात."

मी मान डोलावली. मनात मी आठवडाच धरला होता.