फळीवरची धूळ

ऐंशीच्या दशकात वेस्टमीडच्या हॉस्पिटलात मी लॅबमध्ये होते आणि माझी मैत्रीण रिसेप्शनला. ती इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या मूळ आदिवासींपैकी. कँटीनचं टेबल लख्ख असलं तरी पुसल्याशिवाय ती बसायची नाही. "हे कसलं गं तुझं सोवळं?" मी वैतागायचे. "आईची शिस्त, मेट," एवढंच म्हणायची.

खरं कारण तिच्या आत्मचरित्रात वाचलं. तिच्या लहानपणी सरकारी बाई घर तपासायला यायची आणि फळीवरून बोट फिरवायची. धूळ दिसली की सरकारला आदिवासींची मुलं आईबापांपासून उचलून न्यायला निमित्त मिळायचं. म्हणून आई रोज घर घासायची, आणि घासता घासता त्या बाईची नक्कल करून मुलांना हसवायची.

लायब्ररीत पुस्तकाच्या कार्यक्रमात तिने तेच प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा कुणीतरी हळहळलं, "बिचारी तुमची आई!"

"बिचारी?" ती उसळली. "आम्ही सगळी भावंडं तिच्याच घरात वाढलो. ती काय समोर बसलीय, विचारा तिलाच."

पहिल्या रांगेतली म्हातारी उठली. नाक वर करून तिने पुस्तकांच्या फळीवरून सावकाश बोट फिरवलं आणि लायब्ररियनसमोर धरलं.

"धूळ आहे," ती म्हणाली. "पण घाबरू नका. तुमची पुस्तकं मी नेत नाही."