टेलरबाई बोट धक्क्याला लावतात

टेलरबाईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, दोन ऑपरेशनं झाली आणि शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून नऊ महिने त्यांची शिडाची बोट धक्क्यापाशी ताडपत्रीखाली पडून होती. बोट ती केवढी, तर दोन माणसं बसल्यावर तिसऱ्याने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडावा. पण बाईंचा तिच्यावर भारी जीव. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदा काही ठणकावून सांगितलं असेल तर ते हेच, की सुटीचा दिवस माझा आणि बोटीचा.

एका डोळ्याने दिसतं सगळं, अंतर तेवढं कळत नाही. बाई चहा ओतायच्या तो कपाच्या शेजारी. नवरा जात्याच घाबरट. त्याने बोटीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. बाईंनी वाद घातला नाही. एकटी जाऊन येते, म्हणाल्या. कुणाचा हात न लागता धक्क्याला लावली तर बोट राहील, नाही जमलं तर खुशाल विका.

सुटीच्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. मोकळ्या पाण्यात अंतर हवंय कुणाला? वारा गालाला कळतो, शिडाची ओढ दोरातून हाताला कळते. बाईंनी पाय पसरले आणि थर्मास थेट तोंडाला लावला. अर्धवट शिवलेले कोट, डोळ्यात घालायचे थेंब, सगळं काठावर राहिलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कुणी 'जपून' म्हणत नव्हतं. त्या इतक्या सुखावल्या की एक गाणं पाठ नसतानाही पूर्ण म्हटलं.

दुपारी परतल्या तेव्हा नवरा धक्क्यावर उभा होताच.

वाऱ्याकडे तोंड करून यायचं, शीड सैल सोडायचं, की बोट मंदावत नेमकी धक्क्याशी थांबते. घोळ होता तो त्या 'नेमकी'त. धक्का हाताशी आला असं वाटून बाईंनी हात पुढे केला, तर मध्ये चांगलं दहा हात पाणी. बोट थांबली आणि वाऱ्याने मागे सरकली.

"दोर टाक, मी ओढतो," नवरा म्हणाला.

"हात लावायचा नाही. ठरलंय आपलं."

नवऱ्याने हात खिशात घातले. किती वेळा करून बघायचं हे मात्र ठरलं नव्हतं, आणि बाई काही त्याची आठवण करून देणार नव्हत्या. दुसऱ्या खेपेला धक्का लांब वाटला आणि बोट धाडकन आपटली. रंगाचा टवका उडाला. आता गेलीच बोट, असं बाईंना वाटलं, आणि स्वतःचाच भयंकर राग आला. पाण्याकडे तोंड फिरवून त्या पुन्हा बाहेर निघाल्या.

दुकानात आपण सुईत दोरा कसा ओवतो? डोळ्याचा नाद कधीच सोडला. बोटाने नेढं चाचपतो आणि दोरा त्याला टेकवतो. मग इथेच डोळ्याचे लाड कशाला? त्यांनी बोटीतला लांब बांबू उचलून पुढे धरला, सुकाणू मांडीने दाबलं आणि शीड फार आधी सैल सोडलं. बोट रांगत आली. बांबूचं टोक दगडाला टेकलं. मग बांबू हळूहळू मागे घेत, जेवढा बाहेर उरला तेवढंच अंतर उरलं असं धरत, बाई धक्क्याला लागल्या. स्वतः उतरल्या, स्वतः दोर बांधला.

वर पाहिलं तर नवरा उजव्या डोळ्यावर हात दाबून उभा. रडतोय की काय, म्हणून बाई घाबरल्या.

"अहो, काय झालं?"

"मघाशी तू पुन्हा बाहेर निघालीस तेव्हापासून असाच बघतोय," तो म्हणाला. "मला तर अजूनही कळत नाहीये, तू लागलीस की नाही."

बाईंनी त्याचा हात धरून त्याला बोटीत बसवलं.